पौर्णिमेपर्यंतची मैना

खूप जुनी गोष्ट आहे. त्या काळी राजा असो की रंक, दूरचा निरोप धाडायचा तर पाखरालाच विनवावं लागे.

एका डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं गाव होतं आणि त्या गावात एक मापारी राहत असे. धान्य मोजावं तर त्यानंच. त्याच्या मापात कधी कुणाला दाणा कमी गेला नाही की जास्त मिळाला नाही. गावात त्याचा मान होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्यालाही जरा कौतुकच होतं. साधी वांगी आणायची तरी स्वारी भाजीवालीची सगळी टोपली उलटीपालटी केल्याशिवाय हलत नसे.

या मापाऱ्याला एक थोरली बहीण होती. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. स्वतः अर्धपोटी राहून त्याला भरवलं. पुढे ती डोंगरापलीकडे सासरी गेली. होता होता दोघंही म्हातारी झाली, गुडघे कुरकुरू लागले, घाट चढणं सुटलं. मग मापाऱ्याचं एक कबूतर दोघांमध्ये ये-जा करू लागलं. कबुतराच्या पायाला पांढरा दोरा दिसला की समजायचं, सगळं ठीक आहे. तेवढ्यावर दोघांची कितीतरी वर्षं गेली.

एके दिवशी घाट उतरून आलेला एक वाटसरू मापाऱ्याच्या ओसरीवर टेकला.

"तुमच्या अक्कांनी सांगावा धाडलाय," तो म्हणाला. "त्यांना आता दिसत नाही. दोरा कसला आलाय, ते कळत नाही. तब्येतही फार खालावलीय. म्हणाल्या, त्याचा आवाज तेवढा एकदा कानांवर पडू दे."

मापाऱ्यानं कबूतर काखेत घेतलं आणि तडक पाखरांचा बाजार गाठला.

पाखरंवाल्यानं दोन बोलकी पाखरं पुढे केली. एक पोपट आणि एक मैना.

"पोपट कितीही लांबलचक निरोप पाठ करील, पण बोलेल स्वतःच्याच आवाजात," तो म्हणाला. "मैनेच्या ध्यानात चारच गोष्टी राहतात, पण ज्याचा निरोप, त्याचाच हुबेहूब आवाज काढते. बघा, तुम्हाला काय हवं ते."

अक्काला आवाजच हवा होता. मापाऱ्यानं मैना घेतली आणि बदल्यात कबूतर देऊन टाकलं.

"पौर्णिमेपर्यंत मन फिरलं तर परत आणा, पोपट देईन," पाखरंवाल्यानं बाजाराची रीत सांगितली. "फक्त मैना उडवलेली नको. एकदा उडालेलं पाखरू आम्ही परत घेत नाही."

घरी येऊन मापाऱ्यानं मैनेला निरोप शिकवला. "अक्का, मी बोलतोय गं. मी बरा आहे. तू जेवलीस का?" मैनेनं तो जसाच्या तसा म्हणून दाखवला, तेव्हा आतून त्याची बायको पदराला हात पुसत धावत आली.

"अगं बाई, मला वाटलं तुम्हीच!" ती हसत म्हणाली. "उद्या सकाळीच सोडा हिला."

सकाळी मापारी पिंजरा घेऊन अंगणात आला. तेवढ्यात शेजारी डोकावला.

"मैना घेतलीत? पोपट नाही घेतलात?" एवढंच म्हणून तो दात घासत निघून गेला.

झालं! मापाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. चार वाक्यांत काय सांगून होणार? नातवंडांचं राहिलं, गाय व्याली तेही राहिलं. पोपट असता तर सगळं सांगता आलं असतं. आणि मैना आज उडवली की रस्ता बंद. पौर्णिमा अजून दूर आहे, मग घाई कशाला? त्यानं पिंजरा पुन्हा आत नेऊन टांगला.

मग तो रोज बाजारात जाऊ लागला. ज्याच्याकडे पोपट, त्याला पोपटाचे गुण विचारी. ज्याच्याकडे मैना, त्याला मैनेचे दोष विचारी. पोपट पेरूच्या झाडावर रेंगाळतो असं कळलं की त्याला मैना बरी वाटे. मैना ससाण्याला भिते असं कळलं की पुन्हा पोपट बरा. खळ्यावर माप घालतानाही तो मनातल्या मनात दोन पाखरं तोलत बसे.

"मालक, निरोप पाठ झालाय," मैना म्हणे. "सोडा ना मला."

"थांब जरा," तो म्हणे.

शेवटी बायकोला राहवेना. "अहो, अक्का काय विचारणार आहेत, पोपट बोलतोय की मैना? कान लावून बसली असेल हो ती माउली!"

"तुला यातलं काय कळतंय?" मापारी खेकसला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पौर्णिमा आली. मापारी मैनेला घेऊन पाखरंवाल्याकडे गेला आणि तोच निरोप त्यानं पोपटालाही म्हणायला लावला. पोपटानं तो खणखणीत म्हटला. शब्द सगळे होते, पण त्यात मापारी कुठेच नव्हता. तो खजील झाला. एवढा घोळ घालून त्यानं शेवटी मैनाच ठेवली, जी पहिल्याच दिवशी घेतली होती. बाजारातूनच त्यानं तिला डोंगराच्या दिशेनं सोडलं.

मैना परतली तेव्हा मापारी अंगणात वाट पाहत उभाच होता. ती त्याच्या खांद्यावर बसली आणि त्याच्या भाच्याच्या आवाजात बोलू लागली.

"मामा, आई परवा गेली. रोज सकाळी अंगणात बाज टाकायला लावायची. कुठलंही पाखरू ओरडलं की म्हणायची, गप्प बसा रे, माझा भाऊ बोलतोय."

मापारी मटकन खाली बसला. त्याची बायको दाराला धरून रडू लागली. मग त्यानं मैनेला जवळ घेतलं.

"एकदा अक्काच्या आवाजात बोल गं," तो म्हणाला. "काहीही बोल."

"मालक, त्यांचा आवाज मी ऐकलाच नाही," मैना म्हणाली.

त्यानंतर मापारी पुष्कळ वर्षं जगला. पाखरांची त्यानं केवढी चौकशी केली होती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येत. पोपट घेऊ की मैना, असं विचारत. तो डोळे पुसून म्हणे, "कुठलंही घ्या. पण घरी नेऊ नका, बाजारातूनच सोडा."

बाळांनो, आणि तुम्ही मोठ्यांनीसुद्धा एवढं ध्यानात ठेवा: निवड थोडी उणी पडली तरी माणूस निभावून नेतो, पण निवडीच्या घोळात जी वेळ निघून जाते, ती कुठल्याच बाजारात बदलून मिळत नाही.