मिलाचं कडं

फार पूर्वी, जिथे हिवाळ्यात नद्या दगडासारख्या गोठतात, त्या स्लाव्ह लोकांच्या मुलखात नदीकाठी एक गाव होतं. बर्फ वितळून नदी वाहू लागली, की तिथे वयात आलेल्या मुलींचा सण असे. मुली आईचा भरतकामाचा झगा घालत, वाळुंजाच्या कोवळ्या डहाळ्यांचं कडं डोक्यावर ठेवत आणि घरोघरी गाणी म्हणत. प्रत्येक घरी त्यांना रंगवलेली अंडी मिळत. शेवटी सगळ्याजणी आपापलं कडं नदीत सोडत. जिने कडं सोडलं ती मोठी झाली! मग तिने नाचाला जावं, केसांत फुलं माळावीत, कुणी हटकत नसे. आणि जिचं कडं सर्वांत पुढे जाई ती त्या वर्षाची थोरली. जेवण तिच्याच घरी, आणि तिच्या आईला सगळ्या मुलींनी 'आई' म्हणायचं.

त्या वर्षी थोरली राडाच होणार, असं सगळे म्हणत. ती नावाड्याची मुलगी, नदीची धार कुठे ओढते हे तिला पक्कं ठाऊक. तिच्या आईने तर आदल्या दिवशीच ढीगभर गोड पाव भाजून ठेवले. बाजारात तुरी म्हणतात, तशी गत!

गाणी म्हणत मुली मिलाच्या घरापाशी आल्या. मिला त्यांचीच मैत्रीण. हिवाळ्यात तापाने गेली होती. घरात आता एकटी आई.

"इथे नको गं," एक मुलगी कुजबुजली. "दुःखाच्या घरी गाणं कसं म्हणायचं? काकूंना रडू येईल."

सगळ्या मान खाली घालून पुढे गेल्या. राडाने मात्र वळून पाहिलं. मिलाची आई अंड्यांची परडी घेऊन दारात उभी होती.  राडा माघारी फिरली आणि एकटीच गायली. आवाज फाटला, सूर चुकला. काकू रडल्या खऱ्या, पण हसल्याही.

काकूंनी तिला आत नेलं. तिथे खुंटीला लाल फीत गुंफलेलं एक कडं टांगलं होतं.

"फीत मिलाने विणलेली," काकू म्हणाल्या. "सकाळी हात स्वस्थ बसेनात, म्हणून कडं करून टाकलं. आता काय करायचं त्याचं!"

"मी सोडते नदीत."

"वेडी की काय! एकीने एकच कडं सोडायचं. तुझं राहील ना!"

राडा ते घेऊन नदीवर आली. मैत्रिणी मोठ्या होणार आणि आपण वर्षभर चिल्ल्यापिल्ल्यांत बसणार, या विचाराने तिला फार वाईट वाटलं. मग ती वाकली आणि जिथे धार ओढते, तिथेच तिने मिलाचं कडं सोडलं.

लाल फीत सगळ्यांच्या पुढे गेली.

"कुणाचं गं ते?" गावच्या म्हाताऱ्या आजीने विचारलं. सणाचा निवाडा तिचाच असे.

"मिलाचं."

आजीने दूर जाणाऱ्या लाल फितीकडे पाहिलं. "मग थोरली मिला. चला तिच्या घरी. पण राडा, तुझं कडं डोक्यावरच राहिलं. तू यंदा लहानच."

राडाने मान हलवली. डोळे भरून आलेच.

मुली एकेक करून मिलाच्या दारात आल्या. "आई, आम्ही आलो." "आई, मी पण." मिलाच्या आईने दाराची चौकट घट्ट धरली. राडाच्या आईने थोडं कुरकुरत का होईना, सगळे पाव तिकडे पाठवून दिले.

मोठ्या मुलींनी वाढायचं आणि लहानांनी बसून खायचं, अशी तिथली रीत. राडा कोपऱ्यात लहानांच्या पंगतीत बसली. मिलाच्या आईने येऊन पावांची टोपली तिच्या हातात दिली.

"अशी लहान पोरींसारखी काय बसलीस? ऊठ, वाढायला लाग."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजीने आपली थाळी पुढे केली.

"मला आधी वाढ, राडा."

तात्पर्य: वय वाढलं की माणूस मोठा दिसतो, पण दुःखाच्या दारावरून पुढे न जाता आत शिरतो, तेव्हा तो मोठा होतो.