जवळच्या माणसाची जागा

“आवाज अजून किती कमी करू, बाई?”

निषादने विचारलं तेव्हा सर्व्हर चालूच होता. त्याच्या पंख्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. आवाज मोजायची ती खोली. भिंतींना जाड फोम, दार बंद, एसी सुरू.

तेरदाळकरबाईंनी रिपोर्ट अजून उघडला नव्हता.

त्यांच्या सहीशिवाय मशीन कंपनीबाहेर जात नसे. निषादला पॉलिटेक्निकात शिकवलं त्यांनीच, इथे आणलंही त्यांनीच. तरी लॅबमध्ये म्हणत, एकवेळ पत्रिका जुळेल, बाईंची सही मिळायची नाही. निषादने एकट्याने केलेला हा पहिला सर्व्हर त्या सहीसाठी अडला होता.

यजमान गेल्यानंतर बाई नुकत्याच कामावर आल्या होत्या. त्याआधीचे कित्येक आठवडे त्यांनी दवाखान्यात, यजमानांच्या खाटेशेजारी काढले होते. लॅबमध्ये कोणी त्याबद्दल बोलत नसे.

मशीन कुठे जाणार, एवढंच त्यांनी विचारलं.

तालुक्याच्या रुग्णालयात, निषाद म्हणाला. वेगळी खोली नाही. वॉर्डातच, कोपऱ्यात, पडद्यामागे ठेवणार आहेत.

“तिथे एसी आहे?”

“नाही.”

बाईंनी उठून एसी बंद केला.

निषादने समजावलं, की नियमाप्रमाणे मोजणी गार खोलीतच करायची असते. मशीनसमोर थोड्या अंतरावर माइक लावायचा. कागदोपत्री त्या जागेला ‘जवळच्या माणसाची जागा’ म्हणतात. तिथला आकडा मर्यादेच्या बराच खाली आहे. हे सांगताना तो किंचित हसला.

बाईंनी माइकचा स्टँड उचलून बाजूला ठेवला. तिथे खुर्ची ओढली, बसल्या आणि डोळे मिटले.

निषाद उभाच राहिला...

खोली लहान. तापायला ते मशीन एकटंच पुरेसं होतं. पंखे हळूहळू चढत गेले. आधी शेजारच्या घरात कोणी मिक्सर लावल्यासारखं वाटलं. मग तो मिक्सर याच घरात आला, आणि थांबेना.

निषाद वाकून मोठ्याने बोलू लागला. पंख्यांना लगाम घालता येईल, पण मग आतली चिप जळेल. मोठे पंखे बसवायला पेटीत जागा नाही. उष्णता कुठून तरी बाहेर पडणारच.

बाईंनी मान हलवली. हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

“मग माझं चुकलं काय, बाई?”

बाईंच्या गळ्यावर घाम आला होता. पदराने टिपावा, एवढंही त्यांना सुचत नव्हतं...

निषादचा धीर सुटला.

“चार दिवस त्रास होईल तिथल्या लोकांना. मग सवय होते. माणसाला सगळ्याची सवय होते, बाई.”

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली...

पंखे ओरडत होते.

बाईंनी डोळे उघडले. रागावलेल्या दिसत नव्हत्या, नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या. रिपोर्ट काखेत घेतला. मग खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “सवय झाली, की हाक मार. सही करते.”