राजांचा पेला आणि भोयांचं गाणं

करंजपूरच्या गंभीरराव राजांनी एका सकाळी हुकूम सोडला: रस्ते, गटारं आणि साकव राखणाऱ्या सगळ्या गड्यांनी कुदळी-फावडी घेऊन राजवाड्यामागे यावं आणि हंसांसाठी तळं खणावं. रस्त्यांना आता त्यांची गरज नाही.

हे राजांनी स्वतः तपासून ठरवलं होतं. त्यांची तपासायची रीत ठरलेली. वर्षातून एकदा पालखीत बसायचं, धूळ नको म्हणून पडदे ओढून घ्यायचे, हातात केशरी दुधाचा काठोकाठ भरलेला पेला धरायचा आणि नगराला फेरी मारायची. दूध सांडलं तर रस्ता वाईट, नाही सांडलं तर उत्तम. भोई वाटभर गात, राजे मान डोलावत, आणि बारा वर्षांत एक थेंब सांडला नव्हता. पाहणी संपली की राजे तो पुरावा पिऊन टाकत.

इकडे गाव वाढत वाढत ओढ्यापलीकडे गेलं होतं. तिथे कुंभार, कोष्टी, तांबट अशी नवी पेठ वसली होती. गावाशी तिचा संबंध एका रस्त्यावर आणि ओढ्यावरच्या एका लाकडी साकवावर टिकून होता. आधीच निम्मे गडी दोन वर्षं राजांच्या बागेत राबत होते. उरलेले इकडचा खड्डा बुजवत, तोवर तिकडे गटार तुंबे. आता तेही गेले म्हणजे पेठ तुटलीच!

नव्या पेठेतली ठकू कुंभारीण टोपलीभर खापऱ्या घेऊन दरबारात गेली.

"हे काय आणलंस?" राजांनी विचारलं.

"मडकी हायती, महाराज. घरनं निघाली तवा मडकीच व्हती."

दरबारात खसखस पिकली. राजे गंभीरच राहिले. "बाई, माझा पेला खोटं बोलत नाही. रस्ता उत्तम आहे."

"असंल की. पर गावातली सुईण आमच्या पेठेत पोचती तवा पोरच रांगत दाराशी येतंय तिला घ्यायला. आन् महाराज, तळं कशापायी खणताय? आमच्या रस्त्यावर सात तळी तयार हायती. हंस तेवढे धाडून द्या."

राजांच्या कपाळाला आठी पडली. "फार बोलतेस. उद्या मी पुन्हा पाहणीला निघतो. पेल्यातला एक थेंब सांडून दाखव. पण पालखीला हात लावायचा नाही, रस्त्यात खडा टाकायचा नाही, भोयांना फितवायचं नाही. सांडला तर गडी परत देतो. नाही सांडला तर नवी पेठ उठली म्हणून समज. घरं मोडायची आणि मुकाट्याने गावात यायचं."

पेठेत बातमी पोचली आणि सगळे ठकूवर तुटून पडले. "तोंड आवरलं असतंस तर छप्पर तरी राहिलं असतं," म्हातारा कोष्टी म्हणाला. ठकूलाही धास्ती वाटत होतीच. ती भाजलेली मडकी टिचक्या मारून पारखत बसली. बद्द वाजलं की बाजूला, खणखणीत वाजलं की ढिगात. आयुष्यभर हेच करून तिचा कान तयार झाला होता. राजांची पालखी दरवर्षी तिच्या दारावरून जायची, आणि तेव्हाही तिचे कान काही बंद नसायचे.

दुसऱ्या दिवशी पालखी सजली. राजांनी पेला धरला आणि विजयी मुद्रेने विचारलं, "काय बाई, काही म्हणायचंय?"

"एकच इनंती हाय, महाराज. आज भोयांचं गाणं नगं."

"का? मला ते गाणं फार आवडतं."

"म्हणूनच. ठेक्यावर आपण डुलणार, थेंब सांडणार, आन् दिवाणजी म्हणणार, खड्ड्यानं न्हाई, गाण्यानं सांडला. उगाच वाद कशाला?"

दिवाणजींनी खरोखर तेच म्हणायचं ठरवलं होतं. ते खाली बघू लागले.

"मंजूर," राजे म्हणाले. "येसू, आज तोंडातून शब्द काढायचा नाही."

पुढच्या दांडीखालच्या येसू भोयाचा चेहरा पडला. पण हुकूमच न बोलण्याचा. सांगणार कसा?

पडदे ओढले गेले. गावातल्या फरसबंदीवर पालखी झोकात चालली. मग नव्या पेठेचा रस्ता लागला. पहिल्या खड्ड्याला येसूने वळसा घेतला, मागच्या भोयांनी घेतला नाही. पालखी मागून खाली बसली. दुसऱ्या खड्ड्यात ती डावीकडे कलली. साकवाच्या अलीकडे तुंबलेल्या गटाराचा चिखल होता, तिथे मागचे दोघे गुडघ्यापर्यंत रुतले. पालखीतून आधी "अरे!" असा आवाज आला, आणि मग पडदा बाजूला करून राजे बाहेर डोकावले. त्यांच्या मिशांतून केशर ठिबकत होतं.

"येसू! बारा वर्षांत हे कधी झालं नाही!"

"सरकार, आता बोलू का?" येसू काकुळतीला आला. "मागच्यांना म्होरं पालखीच दिसती, रस्ता न्हाई. मी गातो तवाच त्यांना कळतं."

"काय गातोस तू?"

येसूने मान खाली घालून नेहमीच्या चालीवर सूर लावला, "डावं खोऽल, हो जी. उजवं धोंऽड, हो जी. म्होरं राऽड, पाय जपाऽ, हो जी."

राजे त्या सुरावर सवयीने मान डोलवायला लागले आणि मध्येच थांबले. "म्हणजे बारा वर्षं हा मला माझ्याच रस्त्यांची तक्रार ऐकवतोय?"

"व्हय महाराज," पालखीमागून चालत आलेली ठकू म्हणाली. "आन् आपण दाद देताय."

राजांनी मिशी पुसली. "दिवाणजी, सगळे गडी आजच्या आज इकडे धाडा, बागेतलेसुद्धा. आधी हा रस्ता, मग साकव, मग गटारं. हंस थांबतील." मग ते जरा हिरमुसले. "पण रस्ते गुळगुळीत झाले तर माझं गाणं बंद पडेल की, बाई."

"न्हाई महाराज. मग भोई गातील. इतकी वर्सं नुसते वरडत व्हते."

राजे असे खदाखदा हसले की तळाशी उरलेलं दूधही सांडलं. तो चांदीचा पेला त्यांनी तिथेच ठकूच्या हातात ठेवला. ठकूने मुजरा केला, पेला कानाशी नेला आणि सवयीने एक टिचकी मारून पाहिली.