चांगुणाबाईचा परतीचा पुरावा

सोनवटच्या वेशीवर नियम एकच होता, आणि तो आजवर कोणालाच पाळता आला नव्हता. परमुलखातल्या माणसाला राज्यात शिरायचं असेल, तर आपण परत जाणार याचा पुरावा त्याने आधी द्यायचा. राजे मानाजी यांचे साडू जत्रेला म्हणून आले आणि वाड्यातच राहिले, तेव्हापासून हा नियम निघाला होता. साडूंना घालवता येत नव्हतं, म्हणून राजे स्वतः वेशीवर बसून बाकीच्यांना घालवत.

त्या सकाळी रांगेत नदीपलीकडची चांगुणाबाई उभी होती. तिची लेक सुंदरा सोनवटात दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि होडीत पाऊल टाकू नकोस म्हणून वैद्यांनी बजावलेलं. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून आईच निघाली होती. डोक्यावर डिंकाच्या लाडवांचं गाठोडं होतं.

पुढचा कापडवाला वळून तिला शिकवत होता. "आक्का, गाठोडं ल्हान ठेवायचं आन् उत्तर त्याहून ल्हान. लोणचं असंल तर हितंच खाऊन टाका, पहारेकरी काढून घेत्यात. आन् इचारलं तेवढंच बोला."

चांगुणाबाईने मान डोलावली खरी, पण तिला स्वतःची जीभ ठाऊक होती. लग्नात नाव घ्यायला सांगितलं, तर नवऱ्याच्या नावापाठोपाठ मांडवात काय काय चुकलंय तेही तिने सांगून टाकलं होतं.

कापडवाल्याची पाळी आली. तो म्हणाला, गावाकडे माझी जमीन आहे. "विकता येते," राजे म्हणाले. बायकामुलं आहेत. "मागाहून बोलावून घेशील." मग त्याने कुलदैवताची शपथ घेतली. "देव इकडेही आहेत," राजे म्हणाले, आणि कापडवाला आला तसा माघारी गेला.

"तू कशाला आलीस?" राजांनी विचारलं.

"लेकीच्या बाळंतपणाला, म्हाराज. आन् तुमच्या वेशीवरचं तोरण उलटं बांधलंय."

राजांनी वर पाहिलं. तोरण उलटंच होतं. "परत जाशील याचा पुरावा?" त्यांनी जरा घुश्शातच विचारलं.

"माझा सोभाव."

"म्हणजे काय?"

"मला कुनी ठेवून घेत न्हाई, म्हाराज. जिथं जाईन तिथं आधी चुलीपाशी जाते आन् चुका काढते. सख्ख्या बहिनीकडं म्हैनाभर ऱ्हायला गेले, तर आठवड्याच्या आत तिनं गाडी जुंपून दिली. भावजय तर मी वेशीत दिसले की सोताच माहेरी पळती. विहीनबाई लई सोशीक, पर बारसं झालं की त्याच मला होडीत बसवतील."

दरबारी हसले. चांगुणाबाईला मात्र वाईट वाटलं, कारण त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं आणि ते चारचौघांत बोलावं लागलं होतं. पण सुंदरा तिकडे एकटी वाट बघत होती.

राजे हट्टाला पेटले. "मागच्या गप्पा नकोत. तू उद्या जाणार, याचा पुरावा मला आज पाहिजे."

"उद्याचं आज कुठनं आणू? पर दाणंवाला पोतं इकतो तवा मूठभर वानगी दावतो. तशी मीबी दावते. दुपारपतोर मला तुमच्या मुदपाकखान्यात बसू द्या."

राजांना मौज वाटली. त्यांनी तिला वाड्यावर पाठवलं.

वाटेत तिने मनाशी ठरवलं, की आज जरा वाईट वागून दाखवायचं. आत पाऊल टाकताच ती ठरवलेलं विसरली, कारण आमटीची फोडणी कच्ची होती. नरहरी हा तिथला मुख्य आचारी. तिने त्याच्या हातातली पळी काढून घेतली, कणकेला पाणी कसं लावतात ते त्याला पहिल्यापासून शिकवलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या राजेशाही आमटीत चिंचेचा कोळ ओतला. कांदा चिरताना नरहरी रडत होता, पण सगळं पाणी कांद्याचं नसावं.

दुपारी राजांनी आमटी भुरकली आणि पुन्हा वाढून घेतली. उभ्या जन्मात पहिल्यांदाच चांगुणाबाईला आपल्या हाताच्या चवीचा राग आला.

"फसलीस, बाई," राजे मिशा पुसत म्हणाले. "तुला घालवणार कोण? मीच ठेवून घेतो. म्हणजे तू परत जात नाहीस, आणि म्हणून परवाना नाही."

"म्हाराज, तुम्ही नुसतं जेवला. ज्याच्या चुलीपाशी मी बसले, त्याला इचारा की."

नरहरीला बोलावलं. तो आला तो डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेऊनच.

"ही बाई इथे राहिली तर कसं होईल?" राजांनी विचारलं.

"बरं होईल, महाराज. फक्त मला नदीपलीकडचा परवाना द्या. हिच्या गावी जाऊन राहतो. ही इथे असली, म्हणजे तिथे चूल मोकळी असेल."

"आणि परत येशील याचा पुरावा?"

"परत कोण येतंय?"

चांगुणाबाईने हात जोडले. "म्हाराज, सकाळपासनं दुपारपतोर ऱ्हायले, तर तुमचा आचारी मुलूख सोडाया निघाला. माझ्या विहीनबाईंना तर सैपाकघर एकच हाय. आता सांगा, मी परत जाईन का न्हाई?"

राजे इतके हसले, की भुरकलेली आमटी नाकात गेली. ठसका थांबल्यावर त्यांनी तिला लुगडं-चोळी दिली, लेकीच्या दारापर्यंत मेणा दिला आणि कारभाऱ्याला हुकूम सोडला, "हिला जन्मभराचा परवाना लिहून द्या. सगळ्या मुलखात ही एकच बाई अशी, की जी इथे राहूच शकणार नाही!"

चांगुणाबाई मेण्यात बसली. मेणा उचलला तोच खांदा कसा द्यावा, हे ती भोयांना समजावून सांगू लागली, आणि भोयांनी सुंदराच्या दारापर्यंतची सगळी वाट धावतच संपवली.