मानकूबायचे हात

फार वर्षांपूर्वी, वेळशेतच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खाडीपलीकडे खैराच्या रानात चांगुणा वैदीण राहायची. तिने मनगट धरलं की नाडी आपणहून बोलायची, असं म्हणतात.

कोळीवाड्यात मानकूबाय नावाची विधवा होती. साऱ्या वाड्याची मासळी तीच खारवायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की वाडा तिच्या मडक्यांवर जगायचा. एका वर्षी तिच्या हातांना इसब झालं. कातडी फुटली, लस गळू लागली, मीठ जखमांत शिरू लागलं. तरी ती खारवत राहिली, कारण पोटाला दुसरा आधार नव्हता. लोक तिने खारवलेली मासळी न्यायचे, पण तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत.

हे कानावर आलं तशी चांगुणा खाडी ओलांडून आली. तिने कडुनिंबाच्या पाण्याने ते हात धुतले, खैराच्या सालीचा काढा दिला, करंजाचं तेल लावलं. नवी कातडी धरू लागली. पण चांगुणेची पाठ वळली की कुणीतरी खारवायच्या मासळीची टोपली मानकूच्या दारात ठेवून जायचं, आणि हात पुन्हा फुटायचे.

पावसाळा तोंडावर आला तसं चांगुणेने पाटलाच्या अंगणात वाडा गोळा केला.

"औषध माझं, पथ्य तुमचं," ती म्हणाली. "मानकूचे हात भरून येईपर्यंत कुणी खारी मासळी खायची नाही. तुम्ही खाताय तोवर तिचं मीठ सुटत नाही."

"आजार तिला नि पथ्य आमाला?" पाटील हसला. "मग पावसात काय खावाचं गो, दगड?"

"कुळीथ खा, शेवग्याचा पाला खा. आणि तिच्याही घरी पोचवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग घरी जाऊन दारं लावली आणि जुनी मडकी उघडली.

असं म्हणतात, तो घास ज्याच्या पोटात गेला त्याच्या तळहातांना आग लागल्यासारखी खाज सुटली. सकाळी विहिरीवर जो तो हात लपवत होता. पाटील होडीने चांगुणेकडे गेला, तोही हात पाठीमागे धरून.

"दाखवा, पाटील."

"काय नाय गो. मच्छर चावला."

"दोन्ही तळव्यांना?"

पाटलाने हात पुढे केले. चांगुणेने त्याला औषध दिलं नाही. तांब्याची परात आणि तूप पुढे ठेवलं. "हे पाण्याने शंभरदा धुवा. मानकूच्या जखमांसाठी आहे."

पाटील धुवायला बसला. तूप शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं पांढरं होत गेलं, तशी त्याची खाज विरत गेली. मग तो मानकूबायच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्याने ते तूप स्वतः तिच्या हातांना लावलं.

"दादा, गार वाटलं," एवढंच ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिच्या हातांना वाड्यातल्या कुणाचा हात लागला नव्हता.

पाटलामागून एकेक करून सारा वाडा तूप धुवायला बसला, तशी सगळ्यांची खाज गेली. त्या पावसाळ्यात वेळशेतात पुन्हा एकही मडकं उघडलं नाही. नारळी पौर्णिमेला मानकूबायने भरून आलेल्या हातांनी समुद्राला नारळ वाहिला. चांगुणा रानात परतली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. खैराच्या रानाचीच होऊन गेली, असं म्हणतात.

आजही वेळशेतात कुणाचे हात फुटले, तर तूप धुवायला पहिल्यांदा पाटलाच्या घरचं माणूस बसतं. औषध त्याच्यानंतर येतं. पण त्याहीआधी शेजारचं खाऱ्याचं मडकं बंद होतं.