पायाची माती वाळेपर्यंत

नदीवर पूल होण्याच्या आधीची, म्हणजे पूल होणार अशी पहिली अफवा उठायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा वाघजाळीच्या काळ्या रानात कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे तसं गवतच, पण त्याच्या मुळ्या इतक्या खोल, की लाकडी नांगर वरून गेला तर त्याला नुसत्या गुदगुल्या होत. त्या मुळ्या पाताळात शेषाच्या अंगाला गुंडाळलेल्या होत्या, असं म्हणतात. पेरावी ज्वारी आणि उगवावा कुंदा, असं चाललं होतं. एकेक घर गाव सोडून जात होतं.

त्याच सुमारास परगण्यातल्या देशमुख, इनामदार, जहागीरदार मंडळींनी कृषी उत्कर्ष मंडळ काढलं. नव्या पद्धतीची शेती लोकांना शिकवावी, हा हेतू. सभासद व्हायला अट एकच, जमीन भरपूर असावी. ती पाहिलेली असावी, अशी अट नव्हती. अध्यक्ष होते वाघजाळीचे अमृतराव देशमुख. माणूस मोठा अभ्यासू. खतांवर आणि विलायती यंत्रांवर ते असं बोलत, की ऐकणाऱ्याला भूक लागत नसे. मात्र त्यांच्या तळपायाला माती लागलेली कुणी पाहिली नव्हती. देशमुखानं औताला हात लावायचा नाही हा घराण्याचा रिवाज, आणि तो त्यांनी कसोशीनं पाळला होता.

मंडळानं बोटीनं लोखंडी नांगर मागवला. तो कुंदा मुळासकट उपटतो, अशी त्याची ख्याती. नांगर आला आणि लगेच ठराव झाला, की एवढी मोलाची वस्तू आधी प्रत्येक सभासदाच्या घरी पूजेला जावी. मग नांगर पालखीत बसला. गावोगाव सुवासिनींनी त्याला ओवाळलं, फाळाला हळदीकुंकू लावलं, त्याच्यासमोर भाषणं झाली. एका इनामदारांनी तर त्याला शाल पांघरवली. असे दोन पावसाळे गेले. फाळावर गंज दिसू लागला, तेव्हा त्याला तूप चोळावं असा ठराव झाला. तो जमिनीत घालावा, असं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हाकणार कोण? लोखंड लागलं की काळी आई जळते, अशी कुळांची पक्की समजूत होती.

फिरत फिरत नांगर वाघजाळीला आला आणि मंडळाची सभा अमृतरावांच्या ओसरीवर भरली. सभासद आपापल्या दमण्यांतून, म्हणजे छपराच्या बैलगाड्यांतून आले. गोंडे लावलेले खिल्लारी बैल चिंचेखाली बांधले गेले. अत्तर झालं, विडे झाले. अमृतराव बोलायला उभे राहिले, तोच समोरून भागाई जाताना दिसली. ही मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली विधवा कूळ. मळीत शेवटचं उरलेलं घर तिचंच. डोक्यावर बोचकं होतं आणि मागं शेळी.

"कुठं निघालीस गं?"

"कुंद्याला जागा करून देती, सरकार. आता त्याचंच रान हाय."

"अगं, थांब. हा नांगर मंडळानं तुमच्यासाठीच आणलाय."

भागाईनं अंगणातल्या पालखीत फुलांत बुडालेला नांगर खालीवर पाहिला. "ह्यो व्हय? लई सोवळ्यातला दिसतुया. मातीला शिवंल का?"

सभासद हसले. अमृतराव हसले नाहीत.

"मळी सोडू नकोस. आज नांगरून देतो."

"आन् जळली जमीन, तर?"

"तर मीही तुझ्याबरोबर गाव सोडतो."

"मग शेळी तुमी वळायची," भागाई म्हणाली आणि तिनं बोचकं खाली ठेवलं.

अमृतराव खाली उतरले. पान थुंकायला गेले असतील, असं समजून सभासदांनी नांगराच्या अभिनंदनाचा ठराव चर्चेला घेतला. चर्चा संपवून अंगणात उतरतात तर दमण्या नाक टेकून उभ्या, चिंचेखाली बैल नाहीत, पालखीत नांगर नाही. अध्यक्षांनी सगळ्या जोड्या नांगराला जुंपून नेल्या होत्या. आता चालण्याशिवाय इलाज नव्हता. मळीच्या वाटेवर ओढा आडवा येतो. सगळ्यांनी जोडे हातात घेतले. आपल्याला पायाची बोटं आहेत हे काही सभासदांना त्या दिवशी कळलं, असं म्हणतात.

मळीत अमृतरावांनी धोतर खोचलं होतं. पागोटं केव्हाच पडलं होतं. रुमण्याच्या, म्हणजे नांगराच्या मुठीच्या धक्क्यांनी बरगड्या शेकल्या होत्या, तळहात सोलवटले होते. गाव लांब बांधावर उभं राहून जमीन पेटायची वाट पाहत होतं. जमीन पेटली नाही, पण नांगर अडला. बैल गुडघ्यांवर आले. अमृतरावांनी सगळं अंग रुमण्यावर टाकलं. जमीन कण्हली, पलीकडच्या देवळातल्या घंटा आपोआप वाजल्या आणि मांडीएवढी मुळी वर आली. तिच्या टोकाला शेषाची कात लोंबत होती, असं म्हणतात. ती कात पाहिलेला माणूस आज गावात नाही. पण पाहिलेल्याचा नातू घरटी एक आहे.

तेवढ्यात नांगराला शाल पांघरवणारे इनामदार पुढं झाले. "अध्यक्षमहाराज, देशमुखाच्या हाती रुमणं! हे शोभतं का? मंडळाच्या वतीनं मी..."

"बोला की, सरकार," भागाई म्हणाली. "पर पायाची माती वाळंस्तोवर. मग ढेकळं फोडाया लागा."

ऊन कडक होतं. इनामदारांचं वाक्य अर्ध्यात असतानाच माती वाळली. ते वाक्य अजून पुरं व्हायचं आहे.

अमृतरावांना मंडळातून काढल्याचा ठराव बांधावरच झाला. परंतु बैल त्यांच्याच जुवाखाली असल्यामुळे रान संपेपर्यंत कुणाला घरी जाता येईना. बसून कंटाळलेल्या एका जहागीरदारांनी शेवटी कासरा हातात घेतला. दुसऱ्यानं मुळ्या वेचल्या. शाल पांघरवणाऱ्यांनीही, कुणी बघत नाही असं पाहून, एक ढेकूळ फोडलं.

पुढच्या पावसात त्या मळीत अशी ज्वारी आली, की हत्तीवरचा माणूस त्यात दिसेना. वाघजाळीला हत्ती कधी आला नव्हता, पण म्हणणाऱ्याला कोण अडवणार? भागाईनं बोचकं सोडलं. गेलेली घरं परतली. अमृतराव मात्र त्या दिवसानंतर ओसरीवर टिकले नाहीत. नांगर घेऊन ते गावोगाव पडीक रानं उठवत फिरले. शेवटी डोंगराकडचं रान नांगरताना ते वळलेच नाहीत. सरळ वर गेले, माथ्याच्याही पलीकडे. बैल तेवढे परत आले, असं म्हणतात. अमृतराव हिवतापानं घरीच वारले असं सांगणारेही दोघेतिघे आहेत, पण त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

आजही वाघजाळीत शेतीवर बोलायला येणारा पाहुणा कितीही मोठा असो, त्याला आधी जोडे काढून पाटाच्या पाण्यातून आणि नांगरलेल्या मळीतून चालत यावं लागतं. मग अमृतरावांच्या नावानं नांगराला माती लावतात; हळदीकुंकू नाही. पाहुण्यानं बोलायचं ते पायाची माती वाळेपर्यंत. भागाईच्या घरातली बाई पुढं बसून पायांवर नजर ठेवते.

सभा वैशाखात भर दुपारी, उन्हातच घेतात. अमृतरावांनी मळी नांगरली तो हाच दिवस, असं गाव सांगतं. वैशाखात माती लवकर वाळते, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही.