शिमोनबाबाचं दार

आन् त्यो पोपट आडत्या काय सांगतो गावाला, माळावरचा आश्रम म्हंजी बेवड्यांचा अड्डा? मंग काय धडधाकट लोकांसाठी बांधलाय व्हय त्यो? त्याला कायबी म्हाईत न्हाय. तू ऐक.

लई लई वर्षं झाली. खडकवाडीच्या माळावर येशूच्या नावानं धा-बारा भाऊ एकत्र ऱ्हायचे. रान कसायचे, आन् ज्याला घर न्हाय त्याला भाकर नि अंथरून द्यायचे. दारावर शिमोन नावाचा भाऊ बसायचा. मनानं चांगला, पर नियमाला लई कडक. आन् नियम आसा व्हता, की पिऊन आलेल्याला आत घ्यायचं न्हाय. उतरल्यावर ये म्हनायचं.

एका थंडीत दिस मावळताना दगड फोडनारा गेनू आला, झुलत. बायको मेलेली, खोपट पडलेलं. शिमोननं नियम सांगितला.

गेनू म्हनला, "उतरत आसती तर तुमच्याकडं कशाला आलो आसतो, बाबा?"

शिमोननं दार लावलं.

सकाळी उघडून बघतो, तर गेनू बांधाखाली लाकडावानी पडलेला. जीव हाय का गेला कळंना. उचलून आनायला जवळ बाज न्हाय, झोळी न्हाय. मंग त्यानं सागाचं दारच चौकटीतनं उपसलं. चौघांना न हलनारं दार, त्याच्यावर गेनूला घालून त्यो एकटा चढ चढला, आसं म्हनत्यात.

दार चुलीपाशी ठिवलं. तीन दिस गेनू थरथरला, ओकला, आईभैनीवरनं शिव्या देत ऱ्हायला. शिमोन त्याचे पाय मांडीवर घिऊन बसला. तीन दिस चूल सरपनाबिगर पेटती व्हती, आसं म्हनत्यात. चौथ्या दिशी गेनूनं पेज मागितली.

आश्रमाचे मोठे भाऊ म्हनले, शिमोना, आता दार बशीव, वारं येतंय.

"दारावर मानूस झोपलाय," शिमोन म्हनला.

एक उठला की दुसरा यायचा. दार काय माघारी गेलं न्हाय, आन् त्यो नियम मोठ्या भावांनीच मोडीत काढला. शिमोनबाबा मरंस्तवर उघड्या चौकटीत घोंगडी घिऊन बसला. त्यो बसला तवर माळाचं वारं आत शिरलं न्हाय, बिबट्याबी वळसा घालून जायचा, आसं म्हनत्यात.

आजबी नव्या मानसाला त्याच दारावर घालून आनत्यात. एक बाजू आश्रमाचा भाऊ धरतो, दुसरी गावातल्यानंच धरायची. जात-धरम कुनी इचारत न्हाय.

स्ट्यांडवर सकाळधरनं एक जन पडलाय. ऊठ. डोक्याकडनं दार मी धरतो, पायाकडनं तू धर.